एलपीएनची शाळा आणि एनक्लेक्स-पीएन: आत नक्की काय असतं आणि त्यातून पार कसं पडायचं

अमेरिकेत आलेल्या आपल्या बायका मला सारखं एकच विचारतात, नर्सिंगचा तो एक-सव्वा वर्षाचा कोर्स असतो ना, तो मला झेपेल का. कोणी बीकॉम करून आलेली असते, कोणी मुलं शाळेत जायला लागली म्हणून आता स्वतःचं काहीतरी करायचं म्हणते, कोणी गावी एएनएम किंवा जीएनएम झालेली असते आणि इथे येऊन घरी बसलेली असते. मी न्यू जर्सीत एलपीएन म्हणून काम करते, हे सगळं पार करून आलेय, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. झेपतं, नक्की झेपतं. पण ज्या पद्धतीने आपण दहावी-बारावी काढली त्याच पद्धतीने अभ्यास केलात तर शाळा कशीबशी निघेल आणि लायसन्सच्या परीक्षेला अडकाल, कारण ती परीक्षा तुम्हाला किती पाठ आहे हे विचारतच नाही, ती बघते की या बाईच्या हातात पेशंट सोडला तर तो सुखरूप राहील का.

आधी एलपीएन म्हणजे काय ते बघू. लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये हिलाच एलव्हीएन म्हणतात, काम तेच. खाली सीएनए, म्हणजे अंघोळ घालणं, भरवणं, उठवणं-बसवणं करणारी, वर आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्स, आणि मध्ये एलपीएन. औषधं देणं, इन्शुलिन टोचणं, ड्रेसिंग, कॅथेटर, फीडिंग ट्यूब, बीपी-पल्स-ऑक्सिजन बघणं आणि पेशंटमध्ये काही बदल दिसला की तो लगेच वर कळवणं ही आपली कामं. नवीन पेशंट आला की त्याचं पहिलं पूर्ण असेसमेंट करणं आणि केअर प्लॅन बनवणं हे मात्र आरएनचं, आणि शिरेतून थेट औषध देण्यावर बहुतेक राज्यांत एलपीएनला मर्यादा असतात. ही हद्द आत्ताच डोक्यात पक्की करा, परीक्षेत तिच्यावर भरपूर प्रश्न येतात. नोकऱ्या सगळ्यात जास्त नर्सिंग होममध्ये, त्याशिवाय डॉक्टरांची क्लिनिक्स, होम केअर, काही हॉस्पिटल्स. पगाराचं म्हणाल तर २०२४ च्या सरकारी आकडेवारीत देशभराचा मधला पगार वर्षाला साधारण ६२ हजार डॉलर होता, न्यू जर्सी-कॅलिफोर्नियासारख्या महाग राज्यांत त्याहून जास्त मिळतो, पण तिथे घरभाडंही तसंच असतं.

आपल्याकडच्या आणि इथल्या पद्धतीत एक मोठा फरक आहे. महाराष्ट्रात कोर्सची परीक्षा पास झालात की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करायची आणि कामाला लागायचं. इथे शाळेचं सर्टिफिकेट मिळालं तरी तुम्ही नर्स नसता. लायसन्स देतं राज्याचं नर्सिंग बोर्ड, आणि त्यासाठी एनक्लेक्स-पीएन नावाची परीक्षा वेगळी द्यावी लागते, जी सगळ्या राज्यांना एकच असते. ती बनवते एनसीएसबीएन ही सगळ्या राज्यांच्या बोर्डांची मिळून असलेली संस्था, शिकागोची, आणि घेते पिअर्सन व्ह्यू, त्यांच्या सेंटरवर जाऊन कॉम्प्युटरवर द्यायची. (कॅनडात असाल तर ऑन्टॅरियो आणि ब्रिटिश कोलंबियात २०२२ पासून रेक्स-पीएन ही परीक्षा आहे, तीही याच संस्थेची. त्यामुळे खाली अभ्यासाबद्दल जे लिहिलंय ते बरंचसं तुम्हालाही लागू पडेल.)

आणि गावी जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग केलेल्यांनी एलपीएनच्या शाळेत पैसे भरण्याआधी थांबा. तुमचं शिक्षण आरएनच्या एनक्लेक्सला चालतं का हे आधी तुमच्या राज्याच्या बोर्डाकडून तपासा, कागदपत्रांचं मूल्यमापन करून घ्या, प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. थेट आरएनला बसता येत असताना माहितीअभावी पुन्हा पहिल्यापासून शिकणाऱ्या बायका बघितल्या की जीव तुटतो अक्षरशः.

आता शाळा. पहिली गोष्ट, ती राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता असलेलीच पाहिजे, नाहीतर परीक्षेलाच बसता येणार नाही. दुसरी, त्या शाळेचा एनक्लेक्सचा निकाल. बहुतेक बोर्डं आपल्या साइटवर प्रत्येक शाळेचे किती विद्यार्थी पहिल्या खेपेला पास झाले ते दरवर्षी टाकतात, पाच मिनिटांचं काम आहे, पण जाहिरात बघून ॲडमिशन घेणाऱ्या बऱ्याच जणी तेवढंही बघत नाहीत. खाजगी शाळांची फी अव्वाच्या सव्वा असते आणि ॲडमिशनवाली बाई फोनवर इतकं गोड बोलते की आपण हो म्हणून बसतो. त्यापेक्षा कम्युनिटी कॉलेज आणि न्यू जर्सीसारख्या ठिकाणी काउंटीच्या व्होकेशनल-टेक्निकल शाळा आधी बघा, तिथे फी खूप कमी असते, रांग मात्र लांब. एच-फोर व्हिसावर, म्हणजे एच-वनवाल्या नवऱ्याबरोबर आलेल्या बायकोच्या व्हिसावर, शिकायला हरकत नाही, पण सरकारी पेल ग्रँट (परत न करायची मदत) आणि सरकारी कर्ज मिळत नाही, आणि काम करायला वर्क परमिट हातात लागतं. २०१५ पासून काही एच-फोरवाल्यांना हे परमिट, म्हणजे ईएडी, मिळतं, सगळ्यांना नाही. त्यामुळे आपला व्हिसा कुठल्या टप्प्यावर आहे आणि आपलं राज्य लायसन्ससाठी सोशल सिक्युरिटी नंबर मागतं का हे आधी बघा, लायसन्स मिळूनही नोकरी करता येत नाही अशी वेळ नको.

कागदपत्रांत आपली माणसं तीन ठिकाणी अडकतात. एक, बारावीची मार्कशीट. शाळा ती तशीच घेत नाही, डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून तिचं इथल्या हायस्कूलच्या हिशोबाने मूल्यमापन करून आणावं लागतं, आणि कधीकधी आपल्या बारावीच्या बोर्डाकडून सीलबंद पाकीट मागतात, त्यात महिने जातात, म्हणून सुट्टीत गावी गेलात तेव्हाच हे उरकून घ्या. दोन, टीबीची टेस्ट. आपल्याला लहानपणी बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे हातावर टोचून करतात ती टेस्ट टीबी नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, क्लिनिकलची (पेशंटजवळ जाऊन शिकायची) तारीख हुकणं असं सगळं मागे लागतं. तेव्हा सरळ रक्ताची टेस्ट मागा, क्वान्टिफेरॉन, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. कांजिण्या, गोवर, हेपटायटिस बी यांचे टायटरही, म्हणजे अंगात प्रतिकारशक्ती आहे का बघणाऱ्या रक्ताच्या टेस्ट, तेव्हाच करून टाका.

तिसरं म्हणजे नाव, आणि हे मी जरा ठासून सांगते. आपल्याकडे नावाच्या मध्ये वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं नाव, लग्नानंतर आडनाव बदललेलं, काही ठिकाणी नावही बदललेलं, पासपोर्टवर एक, मार्कशीटवर दुसरं, ड्रायव्हिंग लायसन्सवर तिसरं. परीक्षेच्या दिवशी सेंटरवर तुमच्या ओळखपत्रावरचं नाव आणि परीक्षेच्या परवानगीपत्रावरचं नाव तंतोतंत जुळावं लागतं. नाही जुळलं तर आत सोडत नाहीत आणि भरलेली फी जाते. म्हणून शाळेत नाव नोंदवतानाच ठरवा की कुठल्या ओळखपत्राने परीक्षा देणार आणि त्यावर जसं आहे तसंच्या तसं सगळीकडे लिहा, मधल्या नावासकट.

शाळेत शिरण्याआधी बहुतेक ठिकाणी प्रवेश परीक्षा असते, टीज किंवा हेसी, गणित-इंग्रजी-सायन्स. आपल्याला गणित सोपं जातं, इंग्रजी वाचनाचे उतारे वेळ खातात, तिथे सराव करा. एवढं पुरे.

कोर्स साधारण १२ ते १८ महिन्यांचा. कॅलिफोर्नियात नियमाने किमान १५३० तास असतात, त्यातले ५७६ वर्गातले आणि ९५४ क्लिनिकलचे, त्यावरून अंदाज येईल की निम्म्याहून जास्त शिक्षण पेशंटजवळ उभं राहून होतं. ॲनाटॉमी, औषधशास्त्र, मोठ्यांचे आजार, बाळंतपण, लहान मुलं, मानसिक आरोग्य, सगळं एका वर्षात. पास व्हायला बऱ्याच शाळांत ७५ च्या वर लागतात, ३५ चा जमाना विसरा, आणि हजेरी इतकी कडक की दोन-तीन दिवसांच्या वर दांडी झाली तर बाहेर. मुलाला ताप आला तर कोण बघणार, नवऱ्याची मीटिंग आणि तुमची सकाळी पावणेसातची क्लिनिकल एकाच दिवशी आली तर काय, हे घरात बसून आधी बोलून घ्या. मी बघितलंय, ज्या सोडून गेल्या त्यातल्या बऱ्याच जणी हुशार होत्या, घरची घडी बसली नाही म्हणून गेल्या. सासूबाई किंवा आई सहा महिने येऊ शकत असतील तर त्यांना कोर्सच्या दुसऱ्या भागात बोलवा, पहिल्या भागात आपण उत्साहात असतो, खरी दमछाक नंतर होते.

पोरी सगळ्यात जास्त कशाला घाबरतात तर डोसच्या गणिताला, आणि खरं तर आपले मार्क तिथेच सगळ्यात सोपे आहेत. बऱ्याच शाळांत या एका पेपरला ९० किंवा १०० टक्केच लागतात, त्याशिवाय क्लिनिकलला पाठवत नाहीत. एक उदाहरण नीट करून बघू. मुलाचं वजन ४४ पाऊंड. ऑर्डर आहे टायलेनॉल (आपलं पॅरासिटामॉल) दर किलोला १५ मिलिग्रॅम. बाटलीवर लिहिलंय ५ मिलीमध्ये १६० मिलिग्रॅम. आधी पाऊंडाचे किलो करा, ४४ भागिले २.२ म्हणजे २० किलो. २० गुणिले १५ म्हणजे ३०० मिलिग्रॅम द्यायचेत. आता ३०० भागिले १६० गुणिले ५, उत्तर येतं ९.३७५, म्हणजे ९.४ मिली. सलाइनचं तसंच, १००० मिली ८ तासांत, सेट १५ थेंबांचा (म्हणजे १५ थेंबांचा एक मिली), तर १००० गुणिले १५ भागिले ४८० मिनिटं, ३१.२५, म्हणजे मिनिटाला ३१ थेंब, अर्धा थेंब पडत नाही. आणि लिहिताना एक शिस्त, अर्धा लिहायचा तर ०.५, नुसतं पॉइंट पाच कधीच नाही, आणि पाच लिहायचे तर नुसते ५, पुढे पॉइंट शून्य लावायचा नाही, कारण घाईत तो पॉइंट दिसला नाही की पाचाचे पन्नास होतात. हा नियम मार्कांसाठी नाहीये, असे डोस खरोखर दिले गेलेत आणि माणसं गेलीत.

औषधशास्त्रात शेकडो नावं पाठ करत बसू नका, शेपटं ओळखा. शेवटी ओलॉल असलं की बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके आणि बीपी कमी करणारं औषध, देण्याआधी पल्स आणि बीपी बघायचं. प्रिल असलं की बीपीचं औषध, कोरडा खोकला येतो, पोटॅशियम वाढू शकतं, आणि ओठ-जीभ सुजली तर ती इमर्जन्सी. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध द्यायच्या आधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, मोठ्या माणसात ६० च्या खाली असले तर थांबायचं आणि कळवायचं. वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधावर असलेल्याची आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट) बघायची, आणि त्याला पालक-मेथी बंद करा असं सांगायचं नसतं, रोज साधारण तेवढ्याच प्रमाणात खा असं सांगायचं, हे आपल्या ओळखीतल्या काका-मावशींनाही सांगण्यासारखं आहे. प्रत्येक औषधाला हेच तीन प्रश्न लावा: देण्याआधी काय तपासू, कधी देणार नाही, दिल्यावर कशाकडे लक्ष ठेवू. शाळेतल्या पेपरलाही हे पुरतं आणि एनक्लेक्सला तर हेच लागतं.

क्लिनिकल म्हणजे बहुधा नर्सिंग होम. सकाळी औषधांची गाडी घेऊन खोलीखोलीत जायचं, एमएआर म्हणजे पेशंटच्या औषधांचा तक्ता उघडायचा, मनगटावरचा पट्टा वाचायचा, नाव आणि जन्मतारीख विचारायची, औषध तीनदा पडताळायचं. आजी गोळी गिळू शकत नाहीत म्हणून सगळ्या गोळ्या कुटून ॲपलसॉसमध्ये देताना दिसतील, तेव्हा लक्षात ठेवा, ज्या गोळीच्या नावापुढे ईआर किंवा एक्सआर लिहिलंय किंवा जिच्यावर पोटात न विरघळणारं आवरण आहे ती कुटायची नसते, दिवसभर हळूहळू सुटणारं औषध एकदम रक्तात जातं. इन्स्ट्रक्टर नेमक्या त्याच क्षणी मागे येऊन उभ्या राहतात आणि विचारतात, हे औषध कशासाठी, आत्ता देशील का. उत्तर येत नसेल तर बघून सांगते म्हणा, अंदाज करू नका. माहीत नाही म्हणणाऱ्या मुलीला कोणी काढत नाही. ठोकून देणारीवर मात्र डोळा राहतो.

आता परीक्षा.

शाळा संपली की दोन अर्ज, एक राज्याच्या बोर्डाकडे, एक पिअर्सन व्ह्यूकडे, दोन्हीची फी वेगळी, पिअर्सनची २०० डॉलर. बोर्डाने होकार दिला की एटीटी म्हणजे परीक्षेचं परवानगीपत्र ईमेलने येतं, त्यावर तारखा असतात, साधारण ९० दिवसांची मुदत, त्यात नाही दिली तर पुन्हा पैसे. ते ईमेल स्पॅममध्ये जातं, रोज बघा.

परीक्षेत कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास, मधल्या सुट्ट्या त्यातच धरलेल्या. ८५ मधले १५ प्रश्न पुढच्या परीक्षांसाठी चाचणी म्हणून टाकलेले असतात, त्याचे मार्क नसतात, पण ते कुठले हे कळत नाही. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. आणि ही परीक्षा प्रत्येकीला वेगळी दिसते, कारण कॉम्प्युटर तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न निवडतो. बारावीच्या प्रॅक्टिकलला बाहेरून आलेले एक्स्टर्नल सर व्हायवा घेतात ना, एक उत्तर बरोबर दिलं की त्याहून अवघड विचारतात, चुकलं की जरा सोपं, आणि मुलगी कितपत पाण्यात आहे हे कळलं की जा म्हणतात, अगदी तसं. कॉम्प्युटरला ९५ टक्के खात्री झाली की ही पासाच्या रेषेच्या वर आहे किंवा खाली आहे, की स्क्रीन बंद. त्यामुळे ८५ ला बंद झाली म्हणजे पास असंही नाही आणि १५० पर्यंत गेली म्हणजे नापास असंही नाही, लांबली याचा अर्थ तुम्ही रेषेच्या जवळपास आहात आणि त्याला अजून ठरवता येत नाहीये. तो मुद्दाम असे प्रश्न देतो की तुमचं उत्तर बरोबर येण्याची शक्यता निम्मी-निम्मी असेल, म्हणून जवळजवळ प्रत्येक जण आपण नापास झालो असंच वाटून बाहेर येतो. हे आधी माहीत असलं की साठाव्या प्रश्नाला हातपाय गळत नाहीत. वेळ संपली आणि ८५ सुद्धा झाले नसतील तर नापास, म्हणून एका प्रश्नावर पाच-पाच मिनिटं अडून बसू नका.

एप्रिल २०२३ पासून परीक्षेचं रूप बदललं. आता किमान तीन केस स्टडी येतात, प्रत्येकीत सहा प्रश्न. एक पेशंट देतात, नर्सच्या नोंदी, लॅब, ऑर्डर्स वेगवेगळ्या टॅबमध्ये, आणि मग क्रमाने विचारतात: यातलं महत्त्वाचं काय दिसतंय, त्याचा अर्थ काय, सगळ्यात आधी कशाची काळजी करायची, काय काय करता येईल, आत्ता काय करशील, आणि केल्यावर पेशंट सुधारला की नाही. चांगली नर्स डोक्यात जे करते तेच सहा तुकड्यांत विचारलेलं आहे. अर्धे मार्कही मिळतात आता. ज्या प्रश्नात लागू असतील ते सगळे निवडा असं असतं त्यात बरोबरला अधिक एक, चुकीच्याला वजा एक, म्हणजे तीन बरोबर आणि एक चुकीचं टिक केलं तर दोन मार्क, शून्याच्या खाली जात नाही. तेव्हा सगळ्यावर टिक मारत सुटू नका, ज्याची खात्री आहे तेवढंच.

आपल्या संस्कारांमुळे आपल्या बायका कुठे चुकतात ते आता सांगते, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि कोचिंगवाले हे सांगत नाहीत.

समजा प्रश्न आहे: उद्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन असलेली बाई रडत म्हणते, आता नवऱ्याला मी आवडणार नाही. नर्स काय म्हणेल? पर्याय एक, असं काही होणार नाही, ते तुमच्यावर प्रेम करतात. दोन, असं का वाटतं तुम्हाला? तीन, याबद्दल डॉक्टरांशी बोला. चार, ऑपरेशननंतर तुमच्या नात्यात काय बदलेल याची चिंता वाटतेय का, बोलूया आपण? आपण पटकन पहिला निवडतो, कारण घरी कोणी रडलं की आपण काळजी करू नको, सगळं ठीक होईल असंच म्हणत आलोय. परीक्षेत ते हमखास चूक. जे आपल्या हातात नाही त्याची हमी द्यायची नाही. "का" विचारलं की माणूस बचावात जातो, म्हणून दुसरं चूक. तिसऱ्यात आपण अंग काढून घेतो. चौथं बरोबर, कारण त्यात तिला बोलू दिलंय. आणि खरं सांगू, कामावर रोज बघते मी, पेशंटलाही तेच हवं असतं.

डॉक्टरांचंही तसंच. आपल्याकडे डॉक्टर म्हणाले म्हणजे म्हणाले. इथे ऑर्डर चुकीची वाटली तर औषध थांबवून विचारणं हे नर्सचं काम आहे, आणि डॉक्टरांनी सांगितलं म्हणून दिलं हे उत्तर कोर्टातही चालत नाही. पण याची दुसरी बाजूही बघा, कुठलाही प्रश्न आला की डॉक्टरांना कळवा हा पर्याय निवडायचीही सवय नको. आधी तुम्हाला स्वतःला काही करण्यासारखं आहे का? पेशंटला धाप लागलीय तर आधी बिछान्याचं डोकं वर करा, मग फोन. आणि तिसरं, घरचे. आपल्याकडे कॅन्सर झाल्याचं पेशंटला न सांगता मुलाला सांगतात. इथे पेशंट शुद्धीत आणि समजदार असेल तर माहितीही त्याची आणि निर्णयही त्याचा. त्याच्या परवानगीशिवाय बायकोला, मुलीला, अगदी भाषांतर करायला आलेल्या भाच्यालाही काही सांगायचं नाही. भाषा येत नसेल तर अधिकृत दुभाषी बोलवायचा, नातेवाईक नाही. हे पर्याय वाचताना मन म्हणतं किती कोरडे आहेत हे लोक, पण त्यामागे पेशंटचा हक्क आहे आणि तो मानायलाच हवा.

आधी कोणाकडे जाशील हा दुसरा मोठा प्रकार. चार पेशंट: जुना सीओपीडीचा (फुप्फुसांचा कायमचा आजार), ऑक्सिजन ९० टक्के. गुडघ्याच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस, दुखणं दहापैकी सात. न्यूमोनियाचे आजोबा, सकाळी शांत होते, आता अस्वस्थ आहेत आणि काहीतरीच बोलतायत. मधुमेहाच्या बाई, जेवणाआधी साखर २१०. सगळ्यात जास्त ओरडतोय तो गुडघेवाला, आपण तिकडे पळतो. पण सीओपीडीत ९० हे अपेक्षितच आहे, ऑपरेशननंतर दुखणं अपेक्षित आहे, २१० ला वेळ आहे. आजोबांमध्ये नवीन आणि अचानक बदल झालाय, आणि अस्वस्थपणा ही मेंदूला ऑक्सिजन कमी पडत असल्याची पहिली खूण असू शकते. आधी त्यांच्याकडे. नवीन की जुनं, अपेक्षित की अनपेक्षित, श्वास-रक्ताभिसरण धोक्यात आहे का, या चाळणीतून प्रत्येक पर्याय काढा. परीक्षेत अशा कामवाटपाचा आणि समन्वयाचा भाग सगळ्यात मोठा आहे, साधारण पाचवा हिस्सा. सीएनएला काय सोपवायचं तेही यातच येतं. स्थिर पेशंटची अंघोळ, जेवण, बीपी मोजणं चालेल. ज्यात निर्णय घ्यायचा, तपासून अर्थ लावायचा किंवा शिकवायचं आहे ते कधीच सोपवायचं नाही.

कामावर काहीही बघितलेलं असो, परीक्षेत हॉस्पिटल आदर्श असतं. माणसं पुरेशी असतात, सामान असतं, वेळ असतो. आमच्याकडे असं करत नाहीत हा विचार बाहेर ठेवून आत जा. आधी सीएनए म्हणून किंवा भारतात नर्स म्हणून काम केलेल्यांना हेच सगळ्यात जड जातं.

अभ्यास कसा करायचा? शाळा संपल्यावर फार लांबवू नका, पहिल्या दीड-दोन महिन्यांत तारीख घ्या, जितकं लांबवाल तितकं विसरतं. पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचत बसू नका. एखादी चांगली क्वेश्चन बँक घ्या, रोज ५०-७५ प्रश्न सोडवा आणि त्याच्या दुप्पट वेळ उत्तरांचं स्पष्टीकरण वाचण्यात घालवा, बरोबर आलेल्यांचंही. एका वहीत चुकलेल्याची नुसती नोंद नको, का चुकलं ते लिहा: माहीत नव्हतं, प्रश्न नीट वाचला नाही, की दोनात अडकून चुकीचा निवडला. आठवड्याने बघा, यातलं एक कारण सारखं सारखं येत असतं, त्यावर काम करा. मुलं झोपल्यावर रात्री अकरा वाजता करण्यापेक्षा पहाटे करा, परीक्षा सकाळची घेणार असाल तर डोकं त्या वेळेला चालायला हवं.

परीक्षेच्या दिवशी फोटो, सही आणि तळहाताच्या शिरांचं स्कॅन करतात, घड्याळ-फोन-रुमाल सगळं बाहेर, कॅल्क्युलेटर स्क्रीनवर असतो, लिहायला पुसता येणारी पाटी देतात. मंगळसूत्र-बांगड्या शक्यतो घरी ठेवा, तपासणीत उगाच वेळ जातो. निकाल लगेच मिळत नाही. बऱ्याच राज्यांत ४८ तासांनी ७.९५ डॉलर भरून अनधिकृत निकाल बघता येतो, खरा निकाल बोर्डाकडून येतो. पुन्हा रजिस्ट्रेशन करून बघायचं आणि कुठला मेसेज येतो त्यावरून पास-नापास ओळखायचं असली युक्ती मैत्रिणी सांगतील, त्यात जीव घालू नका.

नापास झालात तर बोर्ड एक रिपोर्ट पाठवतं, प्रत्येक विषयात तुम्ही रेषेच्या वर, जवळ की खाली होता ते. तो नीट वाचा, कारण ४५ दिवसांनी पुन्हा देता येते, पण तोच अभ्यास तसाच पुन्हा केला तर निकालही बहुतेक तसाच येतो. अमेरिकेत शिकलेल्यांपैकी पहिल्या खेपेला ८० टक्क्यांहून जास्त पास होतात, पुन्हा देणाऱ्यांचं प्रमाण बरंच कमी आहे, म्हणून पहिल्या खेपेलाच पूर्ण तयारीने जा. आणि कृपा करून घरी, ग्रुपवर, गावी सगळ्यांना तारीख सांगू नका, निकालाच्या आधी पंचवीस जणांचे फोन आले की अजून त्रास होतो.

पास झालात की लायसन्स नंबर बोर्डाच्या साइटवर आणि नर्सिस या नर्सांच्या लायसन्सची नोंद असलेल्या साइटवर दिसायला लागतो, नोकरी देणारे तिथेच तपासतात. तुमचं राज्य नर्स लायसन्सर कॉम्पॅक्ट या राज्याराज्यांतल्या करारात असेल तर एकाच लायसन्सवर कॉम्पॅक्टच्या दुसऱ्या राज्यातही काम करता येतं, कॅलिफोर्निया त्यात नाही, म्हणून नवऱ्याची बदली व्हायची शक्यता असेल तर हे बघून ठेवा. पुढे आरएनसाठी एलपीएन-टू-आरएन ब्रिज कोर्स आहेत, बऱ्याच ठिकाणी नोकरी करत होतो. पण पहिली नोकरी घेताना घाई नको. मुलाखतीत स्वतःहून विचारा की एका शिफ्टला एका नर्सकडे किती पेशंट, ट्रेनिंग किती दिवसांचं आणि त्या दिवसांत सोबत नर्स असते की तिसऱ्या दिवशी गाडी एकटीच्या हातात देतात, रात्रपाळीला आरएन इमारतीत असते की फक्त फोनवर. जिथे या प्रश्नांना सरळ उत्तर मिळत नाही तिथे तासाला दोन डॉलर जास्त देत असले तरी पहिली नोकरी करू नका.